अठरा नाटकं पाठ असलेली बाई

माझी मावशी कधी रंगमंचावर चढली नाही. तरी तिच्याशिवाय एका नाटकमंडळीचं एकही नाटक उभं राहत नसे, आणि त्याच गोष्टीनं तिचा घात केला, असं माझं मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल नाक मुरडावं.

त्या काळी प्रत्येक नाटक आधी सरकारी कचेरीत दाखवून त्यावर शिक्का घ्यावा लागे. नवऱ्याचा स्पर्श नकोसा झालेली बायको, दोन पुरुषांचं प्रेम, बापाविरुद्ध साक्ष देणारी मुलगी, असल्या विषयांना शिक्का मिळणं शक्यच नव्हतं. मग काहीजण चोरून नाटकं करू लागले. मावशी ज्या शिंप्याकडे कामाला होती, त्याच्या दुकानामागची खोली त्यांना मिळाली. सुट्टीच्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढायचं, बाहेर चार मशिनं चालू ठेवायची आणि त्या खडखडाटाआड चाळीस माणसांनी कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून नाटक बघायचं, अशी रीत.

त्या चार मशिनांपैकी एकावर मावशी असे. घरी सांगे, गणवेशांची ऑर्डर आहे. शिवता शिवता संवाद तिला आपसूक पाठ होत. एकदा नायक मधेच अडकला, तर हिनं पायडल न थांबवता पडद्याआडून पुढचं वाक्य दिलं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'वही'.

पुढे एका नटाच्या खिशात टाइप केलेलं एक पान सापडलं आणि तो चार वर्षं आत गेला. मग नियम झाला, कागद नको. दिग्दर्शक नवं नाटक मावशीला दोनदा वाचून दाखवी आणि पानं इस्त्रीच्या निखाऱ्यात घाली. नट तिच्याशेजारी स्टुलावर बसून भूमिका पाठ करत. अशी होता होता अठरा नाटकं तिच्या डोक्यात साठली. एकदा तिला ताप भरला तेव्हा अख्खी मंडळी घरी भेटायला आली. कपाळाला हात कुणीही लावला नाही, तिसरा अंक आठवतोय ना, एवढंच हळूच विचारून गेली. काकांना वाटलं, गिऱ्हाइकं किती मायाळू!

काका म्हणजे तिचा नवरा. त्यांनी हात कधी उगारला नाही. पण तिची पत्रं आधी ते फोडत. शेजारी जायचं तरी विचारून जायचं. खिडकीत जरा उभी राहिली की कुणाला बघतेस, म्हणून प्रश्न. वीस वर्षं हे चाललं होतं.

ती बेचाळीस वर्षांची असताना माझ्या आईनं, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीनं, दुकानाच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. आमच्या गावी कपड्यांच्या कारखान्यात जागा होती, राहायला आमची खोली होती, फक्त आठवड्याच्या आत निघायला हवं होतं. मावशीनं दोन जोड कपडे दुकानात आणून ठेवले आणि दिग्दर्शकाला सांगितलं. तेव्हा त्याचं जे नाटक चालू होतं, त्यात बायको नवऱ्याला तोंडावर सांगून घराबाहेर पडते आणि बघणारे रडतात. ते लिहिणारा हा गृहस्थ म्हणाला, "बाई, तुम्ही गेलात तर सगळी नाटकं गेली. एवढा एक प्रयोग होऊ द्या."

"मी सांगते, कुणीतरी लिहून घ्या," असं मावशीनं सुचवलं. सगळ्यांना बोलावलं गेलं. कागद नको म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे होते. सगळे हात वर गेले. मावशीचाही गेला. शेजारच्या मशिनवर तुरुंगात गेलेल्या नटाची बायको बसलेली होती, तिच्यासमोर दुसरं काय करणार? मला हे कळतं, तरी त्या वर गेलेल्या हाताचा मला अजून राग येतो. कारखान्यातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

त्या एका प्रयोगाची सव्वीस वर्षं झाली. मग शिक्क्याचा कायदा गेला. दिग्दर्शकाचे ठिकठिकाणी सत्कार झाले, नाटकांचं पुस्तक काढायचं ठरलं आणि लिहून घ्यायला त्यांनी मला, तिच्या भाचीला, धाडलं. आई तीन वर्षांपूर्वीच वारली होती. मी मावशीच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी बसत होते. ती भाजी निवडत एकेक पात्र बोलायची आणि खाली तिचा पाय पायडलवर असल्यासारखा हलत राहायचा. अकराव्या आठवड्यात अठरावं नाटक संपलं.

"मावशी, सुटलीस," मी म्हटलं.

"सुटले खरी," ती म्हणाली. "आता अडवणारं कुणी नाही. पण बोलावणारी होती ती तुझी आई."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, मी बोलावते ना, उद्याच माझ्याबरोबर चल. तिनं निवडलेली भाजी गोळा केली. तेवढ्यात आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या काकांनी हाक मारून विचारलं, झालं का बोलून?

"झालं," मावशी म्हणाली आणि उठून आत गेली.