सरांनी न दिलेले जेल

पट्टी सुटत नव्हती. डेअरीला दूध घालून झाले होते, चुलीवरचे पाणी उकळून कोमट झाले होते, आणि मी उंबऱ्यापाशी बसून माझे पती दत्तात्रय यांच्या टाचेवरची पट्टी भिजवत होते. सुकलेली पट्टी ओढली की खाली धरू लागलेली नवी कातडीही निघून यायची. मधुमेहामुळे त्यांना दुखणे कळत नसे. मला दिसत असे. तेवढ्यात मगदूम सर केळी घेऊन दारात आले. आमची पहिली ओळख ती.

माझे पती सरांच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. सर तिथे जखमेवर लावायचे जेल तयार करत होते. जखम कोरडी करा, उन्हात धरा, असे आपल्याकडे सगळेच सांगतात. गडमुडशिंगीत आमची शेजारीण रोज विचारायची, "पाय उन्हात धरला का न्हाय?" सरांचे म्हणणे उलटे होते. जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, पण ओलीत जंतूही वाढतात. म्हणून ओल धरणारे आणि जंतू मारणारे असे हे जेल. पट्टी त्याला चिकटत नाही. सरांनी त्या सकाळी हे समजावले आणि मी म्हटले, "मग द्या की सर."

"वहिनी, अजून उंदरांवरच चाललंय. माणसाला लावायची परवानगी नाही."

"मग ह्यास्नी उंदीर समजा की."

माझे पती हसले. सर हसले नाहीत. "उद्या काही उलटं झालं तर?" म्हणाले. मी विचारले, "आनी काय उलटं व्हायचं राह्यलंय?" सरांनी हातातली केळी उंबऱ्यावर ठेवली.

सरांच्या तत्त्वनिष्ठेबद्दल त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात बरेच जण लिहितील. ती मी घरात भोगली. जेलच्या कपाटाची किल्ली माझ्या पतींकडेच असे. मी म्हणायचे, "रोज कपाट उघडताय न्हवं? आणा की बोटभर." ते म्हणायचे, "सरांनी न्हाय म्हटलंय." सरांनी ती किल्ली कधी काढून घेतली नाही. याला विश्वास म्हणतात. मला त्या विश्वासाचाही राग आला.

शेवटी पतींचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सर दवाखान्यात रोज येत, लघवीचे भांडे स्वतः उचलून नेत. नंतर पती गेले. सर मला वाचायला मासिके पाठवू लागले, विज्ञानाची, शेतीची, कसलीही. मी ती वाचत गेले. माणसाला लावण्याआधी इतकी वर्षे का लागतात, ते मला त्यांतून समजले. समजल्याने राग गेला नाही.

आता सरांची साठी झाली. शुभेच्छा शेवटी द्यायच्या असतात, मी आधीच देते. सरांना भरपूर आयुष्य मिळो आणि दोन्ही पाय शेवटपर्यंत धड राहोत. यात टोमणा नाही.

मागच्या वर्षी जेल रुग्णांवर तपासायची परवानगी आली. माणसे तयार होईनात. "आमच्यावर प्रयोग करताय व्हय?" म्हणून उठून जात. सर माझ्याकडे आले.

"वहिनी, तुम्ही बोललात तर ऐकतील. खोटी आशा लावू नका. बरं होईलच, असं मीही सांगत नाही."

"आमची येळ आली तवा न्हाय म्हणालासा. आता माझीच गरज लागली?"

"हो," सर म्हणाले.

मी चहा विचारला नाही. दारात आलेल्याला आमच्याकडे कुणी तसे परत पाठवत नाही. सर दारातूनच परत गेले.

दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालून, जेल तपासायचे होते त्या दवाखान्यात मी बसने गेले. पहिल्याच खाटेवर कागलच्या एक बाई पाय पांघरुणात लपवून बसल्या होत्या. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि माझ्या नवऱ्याच्या पायाचे काय झाले, ते सगळे त्यांना सांगितले.