महरुन्निसा सिस्टर, चाळीसपैकी अकरा

गेल्या वर्षी आमच्या रुग्णालयात करुणा आली. एकोणीस वर्षं मी इथली कागदपत्रं सांभाळतोय, पण करुणेची फाईल त्याआधी नव्हती. मुंबईहून एक मॅडम आल्या, त्यांनी महाडच्या एका हॉटेलात दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवली आणि परिचर्या म्हणजे नुसतं काम नसून तत्त्वज्ञान आहे, हे नर्सना पटवून दिलं. पटायला हरकत नव्हती, जेवण चांगलं होतं. मग चाळीस गुणांचा तक्ता आला. रुग्णाला स्वतःचं नाव सांगितलं, चार गुण. डोळ्यांत बघून बोललात, चार गुण. हातावर हात ठेवलात का, हसलात का, आवाज तर चढवला नाही ना? एका रुग्णाची करुणा भरायला वीस मिनिटं लागत. तोवर शेजारच्या खाटेचं सलाईन संपून जाई, पण त्याला गुण नव्हते.

तीस गुण मिळाले तर वॉर्ड, नाहीतर तळघरात गॉज आणि कात्र्या उकळत बसायचं, असा नियमही निघाला. तेव्हा सगळ्यांनी महरुन्निसा सिस्टरकडे बघितलं.

महरुन्निसा महाडचीच. वडील ट्रकवर होते. कशेडी घाटात गाडी कलंडली आणि दोन महिने ते कुठल्याशा दवाखान्यात उताणे पडून राहिले. कुणी त्यांना कुशीवर वळवलं नाही. पाठीला जखमा पडल्या, त्यातच गेले. ही तेव्हा दहावीत होती. पुढे नर्स झाली आणि आज बावीस वर्षं लोकांना कुशीवर वळवतेय, वळवताना शिव्या सोडून बाकी सगळं बोलतेय. "ओ काका, उठून चला जरा, का डोली मागवू?" असा तिचा लडिवाळपणा. तिच्या तोंडून गोड शब्द मी ऐकलेला नाही, मला तर नाहीच नाही. पण ती वॉर्डात असली की मी निर्धास्त घरी जायचो.

दिवाळीनंतर डोंगरातल्या उमरठची येसूबाई दाखल झाली. वय साठीच्या पुढे, अपेंडिक्स फुटलेलं. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी सारिका सिस्टर तक्ता घेऊन तिच्याजवळ बसली. सारिका नवीन, स्वभावाने खरोखर चांगली आणि प्रशिक्षणात पहिली आलेली. तिने नाव सांगितलं, हात हातात घेतला, हसली, आणि चेहऱ्यांचं कार्ड पुढे धरलं. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका. किती दुखतंय ते बोट ठेवून दाखवायचं. येसूबाईने पुतणीसाठी स्थळ बघावं तसे सगळे चेहरे निरखले आणि हसऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बरा दिसतोय."

वेदना शून्य. सारिकाला चाळीसपैकी चाळीस. डॉक्टरांनी कागद पाहून दुसऱ्या दिवशी घरी सोडायला सांगितलं आणि मी सुट्टीचा कागद तयार केला. येसूबाईचा मुलगा रामा डोंबिवलीहून आला होता. त्याची रजा संपली होती, बाहेर जीप उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महरुन्निसा ड्यूटीवर आली. तिने तक्ता बघितलाच नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "काय गो म्हातारे, म्हस कोण बघतंय तुझी?"

"बघत आसल कोनतरी."

महरुन्निसा तडक उशाशी आली. डोंगरातली बाई आपल्या म्हशीबद्दल असं बोलत नाही. जिवात जीव असेल तर ती सुनेच्या नावाने बोटं मोडते, गवत कुठलं घालायचं ते सांगते. महरुन्निसाने नाडी धरली, मग पोटावर हात दाबला. पोट पाटासारखं घट्ट होतं.

"खोटं का बोललीस? दुखतंय ना? बोल की!" ती इतकी ओरडली की मी सुट्टीचा कागद हातात तसाच धरून धावत गेलो.

म्हातारी घळाघळा रडायला लागली. "रामाची सुट्टी सपली गो. आन ती पोर यवढी हसून इचारत व्हती, तिला कसा सांगू दुखतंय म्हनून? वायट वाटला आसता तिला."

डॉक्टर चिडले. कागदावर वेदना शून्य आहेत, म्हणाले. महरुन्निसाने माझ्या हातातला सुट्टीचा कागद ओढून घेतला आणि सोनोग्राफी होईपर्यंत दिला नाही. पोटात पू निघाला. दुपारी म्हातारीला परत टेबलावर घेतलं. घरी पोचली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर मला हळूच म्हणाले. लिहिलं मात्र कुठे नाही.

आठवड्याने मॅडम तपासणीला आल्या. येसूबाई उठून बसायला लागली होती. मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

"आजी, या महरुन्निसा सिस्टर तुमच्यावर कधी ओरडल्या का?"

"वरडली की. लय वरडली."

"तुम्हाला रडवलं?"

"व्हय, रडवला." मॅडमचं पेन चालू झालं. म्हातारी पुढे बोलतच होती, "तिच्याफुडं रडली मी. पोटच्या पोराफुडं कदी रडली नाय..." पण रकाना भरला होता. मॅडम दुसऱ्या खाटेकडे वळल्या. बेरीज अकरा आली.

तळघरातल्या बदलीचं पत्र मीच टाईप केलं. मी तिथे होतो, मी सगळं पाहिलं होतं, आणि मॅडमसमोर मी तोंड उघडलं नाही. मला माझी लाज वाटते, हे इथे तरी लिहून ठेवतो.

महरुन्निसाने पत्र उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं. "किशोरभाऊ, सही कुठे करू?" एवढंच मला म्हणाली. मग सारिकाकडे वळली. "आठ नंबरला काल ऑपरेशन झालेली बाई आहे, तिचं पोट दर दोन तासांनी बघ. विचारू नकोस, हात लावून बघ. आणि गप्प झाली तर घाबर."

सारिकाने मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ती मन लावून तक्ता वरपासून खालपर्यंत बघत राहिली आणि मग तिने मला विचारलं, "किशोरभाऊ, हे कुठल्या रकान्यात भरायचं?"