माह्या रगताचं काय निघालं?

मध्य प्रदेशातल्या सौंसरला मी एका लहानशा लॅबमध्ये रक्त काढते. शीर सापडायला वेळ लागत नाही, एवढीच माझी कीर्ती. तेवढी ऐकून काही वर्षांपूर्वी एक संशोधक डॉक्टर मला शोधत आले. मूळचे पांढुर्ण्याचे, पण नोकरी मोठ्या शहरात. रोगाशी लढणारी शरीरातली फौज कधी कधी आपल्याच हृदयाच्या नळ्यांवर उलटते आणि तिथं सूज आणते, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांना शेतात राबणाऱ्या लोकांचं रक्त हवं होतं.

तिगावला मांडव टाकून शिबिर झालं. संमतीचा फॉर्म चार पानी, हिंदीत. तो आमच्या बोलीत समजावून सांगायचं काम माझं. कापूस वेचणाऱ्या एका मावशीनं बाही वर करता करता विचारलं, "बाई, रिपोर्ट भेटन ना?"

"भेटन ना मावशी," मी म्हणाले आणि सुई लावली. नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली.

पुढे त्या रक्तावर डॉक्टरांचे संशोधनाचे पेपर छापून आले. पांढुर्ण्यात त्यांचा सत्कार ठरला आणि मलाही बोलावणं आलं. मी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. एका पेपरच्या शेवटी 'स्थानिक कर्मचाऱ्यांचे आभार' अशी ओळ होती. तो कर्मचारी म्हणजे मी, हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

सूत्रसंचालन एका निवृत्त हेडमास्तरांकडे होतं. "सरांना नुकताच एच-इंडेक्स प्राप्त झाला आहे," ते म्हणाले. "आपल्या मातीसाठी ही अभिमानाची गोष्ट आहे." टाळ्या पडल्या. माझ्या मागचा माणूस शेजाऱ्याला विचारत होता, "हे दिल्लीवाले देतेत का?" एच-इंडेक्स म्हणजे आपले पेपर इतरांनी किती वेळा वापरले याचं माप, पुरस्कार नव्हे, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण त्यांनी हात जोडले आणि मान लववून तो स्वीकारला.

मग पडद्यावर जगाचा नकाशा आला. त्यांच्या पेपरचा दाखला जिथं जिथं दिला गेला, तिथं तिथं लाल ठिपका. युरोप तर गोवर आल्यासारखा दिसत होता. पांढुर्णा-सौंसरकडे एकही ठिपका नव्हता.

"कोणाला काही विचारायचं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना कॉलेजच्या पोरांकडून प्रश्न हवे असावेत. उठली ती तिगावची मावशी. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं ती चिठ्ठी काढली.

"डॉक्टर साहेब, माह्या रगताचं काय निघालं?"

"मावशी, तुमच्या रक्तावरचं संशोधन आज जगभर वाचून राहिले लोक."

"वाचू द्या, चांगलं हाय. पण मले कोणी सांगत नाही."

लोक हसले. डॉक्टरही हसले, पण त्यांचं हसू लवकर आटपलं. "फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं, वैयक्तिक रिपोर्ट मिळणार नाही. सर्वांना वाचून दाखवलं होतं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लिहिलं होतं, तिसऱ्या पानावर. ती ओळ मी गाळली होती, कारण ती वाचली असती तर अर्धा मांडव रिकामा झाला असता. मावशीनंही माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी पिशवीत ठेवून ती खाली बसली. आभाराच्या त्या ओळीची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

तिच्या रिपोर्टसाठी मी डॉक्टरांना मेल पाठवले. नमुन्यांवर नावं नसतात, कोणता नंबर कोणाचा ती यादी कुलपात असते, संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी लागते, अशी उत्तरं आली. सगळी खरी, पण मावशीच्या कामाचं एकही नाही. शेवटी मीच तिला सौंसरला बोलावून माझ्याच लॅबमध्ये तिच्या तपासण्या केल्या आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचं ब्लडप्रेशर पाहून ते खुर्चीतून उठलेच.

"चक्कर कधीपासून येते?"

"त्या शिबिराच्याही पहिलेपासून," मावशी म्हणाली. "तिथं कोणी विचारलंच नाही. सुई लावली अन् बिस्किटं देली."

गोळ्या सुरू झाल्या. मग शिबिरातल्या आठवतील तेवढ्या लोकांना मी तपासणीला यायचे निरोप धाडले. कोणी आले, कोणी म्हणाले, एकदा देलं ना बाई रगत, आता पुरे.

काही महिन्यांनी संशोधक डॉक्टरांचा फोन आला. "दुसरा टप्पा सुरू करून राहिलो. तुमच्यासारखा हात दुसरा नाही."

"येते सर. पण या वेळी सगळ्यांना रिपोर्ट द्यायचा, आणि पहिल्याच पानावर तसं लिहायचं."

"त्यानं फार उशीर होईल. समितीपुढं परत जावं लागेल."

"मग होऊ द्या उशीर."

"कळवतो," ते म्हणाले. त्यांनी कळवलं नाही, दुसरा तालुका धरला. तिथंही रक्त काढणारी कोणी बाई सापडलीच असेल. पेपर छापून आला आहे आणि त्याच्या शेवटी स्थानिक कर्मचाऱ्यांचे आभार मानले आहेत.

मावशी दर महिन्याला प्रेशर मोजायला येते. माझ्याशी बोलते, पण हात पुढे करण्याआधी विचारून घेते, "हे कशासाठी हाय, ते पूर्ण सांग पहिले." मी पूर्ण सांगते.