शेजारणीचा सुपडू

सरकारी माणसाला हवं ते उत्तर आमच्या मामीने जन्मात कधी दिलं नाही, आणि तिच्याशी वाद घालून जिंकलेला मनुष्य तापीच्या दोन्ही काठांवर मी तरी पाहिलेला नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी; हे सांगताना मी कधी लाजलो नाही. पण मामीपुढे ती पदवी चालत नसे. नंदुरबार स्टेशनात पोरांचं अर्धं तिकीट हाती आलं की ती खिडकीतून आत डोकावून विचारी, "अर्धं पोर कोठे ऱ्हास, मास्तर? बाकीनं अर्धं म्हसावदले सोडी येऊ का?"

मामा आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या कारखान्यात सुतार. त्यांनी बायकामुलांना तिकडे बोलावलं तेव्हा आमच्या साऱ्या म्हसावद गावाला वाटलं, आता मामीची गाठ समुद्राशी आहे, समुद्राने जपून राहावं. बोटीवर चढायचं तर देवीची लस टोचल्याचा दाखला लागे. टोचणारा घरी आला, तर मामी म्हणाली, "पहिले तुम्ही टोची ल्या." बिचाऱ्याने बाही वर करून आपला जुना वण दाखवला. तिने तो बोटाने दाबून पाहिला आणि मगच लेकीचा आणि सुपडूचा दंड पुढे केला.

आता या सुपडूचं सांगायला हवं. त्याच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. म्हणून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे हा जन्मला तसा त्याला सुपात घालून शेजारणीला ओंजळभर ज्वारीला विकला. मरण पोर शोधत दारात आलंच, तर त्याला सांगायचं, इथे आमचं कोणी नाही. मामी त्याला पाजायची, न्हाऊ घालायची, बदडायचीही. पण तो आपला आहे असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

पासपोर्ट काढायला मुंबईला मी बरोबर गेलो. साहेबाने लेकीकडे बोट केलं, "ही तुमची?"

"हाई मन्ही."

"आणि हा?"

"हाऊ मन्हा नही. शेजारनीना शे."

साहेबाची लेखणी थांबली. दुसऱ्याचं पोर असं परदेशी नेता येत नाही, म्हणाला, आईबापांची संमती आणा. मी माझं सगळं इंग्रजी पणाला लावून सूप, ज्वारी, पाळण्यातले ते दोघे, सगळं समजावलं. माणूस चांगला होता. म्हणाला, "बाईने एकदा आपला म्हणावं. मी लगेच लिहितो."

"मामी, एक शब्द," मी म्हणालो. "मामा धक्क्यावर वाट बघतील."

"बापू, तू बी.ए. व्हयना, पन तुले समजत नही. मरन बी आठेच बसेल शे, आयकी ऱ्हायनं."

"इथे कुठलं मरण? साहेब बसलाय."

"आनि साहेबनं लिखेल कोन खोडी?"

तिने सुपडूला कडेवर घेतलं आणि निघाली. मागे लेक, तिच्या मागे कागद सावरत मी. परतीच्या गाडीत ती रडली नाही. नवापूरपर्यंत तिकीट तपासनिसाशी भांडली आणि मग आम्हाला भाकरी वाढली.

लोक तिला अडाणी म्हणाले. म्हणोत. पोर कोणाचं, एवढंच कायदा विचारतो. ते जगेल का, हे विचारणारी त्या कचेरीत ती एकटी होती.

मामा सुटीला येत-जात राहिले, संसार तसाच झाला. सुपडू उसासारखा वाढला, सज्ञान झाल्यावर स्वतःच्या सहीने पासपोर्ट काढला आणि एक दिवस बापाकडे निघाला, पूर्ण तिकिटावर. मास्तर खिडकीतून म्हणाले, "बाई, पोरगा तुमचा वाटतं?"

"शेजारनीना."

गाडी नवापूरच्या अंगाला वळली, धूर विरला. मी म्हणालो, "मामी, आता तरी म्हण. इथे ऐकणारं कोणी नाही."

ती रुळांकडे बघत राहिली. "पोचू दे. मंग सांगसू."

पुढे पोचल्याची तार आली. मी ती वाचून दाखवली. मामीने पुन्हा वाचायला लावली, माझ्या हातातून कागद घेतला, उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि पदराने डोळे टिपले.

"पोचना," ती म्हणाली. "आते परत येऊ दे."