काम मांगणं

माझी शाळा चौथीपर्यंत. नात बुलढाण्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ती दोन महिने मोबाईलवर काय लिहून राह्यली, ते शेवटी मी तिलाच वाचायला लावलं. विद्यापीठातल्या वीस-बावीस प्राध्यापकांना तिनं पत्रं धाडली होती. उत्तर एकाचंही नव्हतं.

"सुट्टीत मला आपल्या प्रयोगशाळेत काही काम मिळेल का?" असं होतं त्यात.

काम हा शब्द मला झोंबला. माझा बाप लोकांच्या दारात उभा राहून काम मांगे. आपल्या घरचं कोणी आता काम मांगणार नाही, हे मी घरात सांगूनच ठेवलं होतं.

"ते काढून टाक," म्हटलं. "शिकाले येते असं लिही."

"आबा, संशोधनाचं काम आहे ते. ते केल्याबिगर पुढं कोणी घेत नाही. अन् शिकाले येते म्हटलं तर कोणी वाचत नाही."

"आता तरी कोण वाचून राह्यलं?"

तिनं शब्द काही बदलला नाही.

मग एका मॅडमचं उत्तर आलं, येऊन भेट. आमच्या पिंपळगाव राजाहून खामगाव, तिथून पुढं विद्यापीठाला दुसरी गाडी. गुडघे नाही म्हणत होते, तरी मी सोबत गेलोच.

मॅडमचं संशोधन तुरीच्या मुळाला लागणाऱ्या बुरशीवर. त्यांनी नातीला विचारलं, "काय काम करशील?"

तिच्या आधी मीच बोललो. "पोरगी काम मांगाले नाही आली. शिकाले आली."

मॅडम दमलेल्या दिसत होत्या. "बाबा, इथं पहिला महिना बुरशी वाढवायच्या काचेच्या बशा धुवायच्या. शिकणं त्यातूनच."

"चाल घरी," म्हणून मी उठलो.

नात उठली नाही. "धुईन मी, मॅडम." मग माझ्याकडे न पाहता, "आबा, तुम्ही बाहेर बसा."

मला असं सांगणारं घरात कोणी नाही. व्हरांड्यात बाकावर जाऊन बसलो.

दार उघडंच होतं. ओढणी कमरेला खोचून ती बशी घासे, उजेडात धरे, पुन्हा घासे. तिनं काहीतरी विचारलं. मॅडम एका बशीवर बोट ठेवून सांगू लागल्या, मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्याच. माझ्या बापाजवळ असं कोणी बसलेलं मी पाहिलं नाही. माझ्याजवळही नाही.

परतीची चारची गाडी निघायची वेळ झाली होती. मी तिला हाक मारली नाही.