सव्वीस जानेवारीची फाईल

तिसगावात स्टँडच्या मागच्या गाळ्यांत अलीमचं दुकान आहे. पाटीवर ‘आयत फोटो अँड व्हिडिओ’ असं लिहिलंय. आयत ही त्याची लेक. पण सगळी पंचक्रोशी त्याला अलीम मिक्सिंगवाला म्हणूनच ओळखते. लग्नाचं शूटिंग घ्यायचं, त्याला गाणी जोडायची, नवरा-नवरीला ढगांतून फिरवून आणायचं, याला आमच्याकडं मिक्सिंग म्हणतात.

त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी वैजनाथ. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणूस पायरी चढला की हा तिकीट काढणार की झोपेचं सोंग घेणार, हे मला तोंडावरून कळायचं. मी रिटायर झालो, नजर झाली नाही. घरची माणसं म्हणतात, तुम्ही देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. खातो. त्यात काय बिघडलं?

अलीम मला पहिल्यापासून पटला नव्हता. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, चष्मा कायम कपाळावर, आणि तोंडात एकच शब्द, ‘बघू’. त्यानं कुणाला सरळ हो किंवा नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लोक पेनड्राईव्ह घेऊन येतात. कुणाच्या टीव्हीवर चित्र दिसतं, आवाज नाही. कुणाचा आवाज येतो, पडदा काळा. हा आधी डॉक्टरसारखी चौकशी करतो. कुठल्या टीव्हीला लावला? चालू असताना उपटला का? घरात कुणी काही पुसलं का? एकदा छगन टेलर आला होता. व्हिडिओ चालेना म्हणून त्यानं कुणाचं तरी ऐकून फाईलच्या नावाचं शेपूट बदललं होतं, आणि तरी ती चालत नव्हती.

“पोत्यावर गहू लिव्हलं म्हनून आतली बाजरी गहू व्हती का, छगनशेट?” अलीम म्हणाला. मग तासभर बसून त्यानं फाईल आतून बदलून दिली. कन्व्हर्ट केली म्हणतात ते हे. दिली म्हणजे लगेच हातात दिली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः चालवून बघितली, छगनलाही बघायला लावली. सगळ्यांशी तो असाच वागतो. मला तेव्हा वाटलं, गिऱ्हाईक बसवून ठेवून दुकान भरलेलं दाखवायची ही युक्ती आहे.

तर आता मुद्द्याचं. आमचं गाव तिसगावपासून चार किलोमीटरवर. माझ्या घराला लागून लंकाबाईचं घर. घर कसलं, दगडमातीच्या भिंती आणि वर पत्रे. ती आणि तिचा नवरा कल्याण दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. यंदा सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली, त्यात तिचं नाव होतं. माझ्या कानांनी ऐकलं. संध्याकाळी मीच तिला फोन केला, “लंके, नाव आलं बरं का तुझं.” पलीकडून ती इतक्या मोठ्यानं हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

एप्रिलात ती दोघं आली आणि आल्या आल्या त्यांनी पुढची भिंत पाडली, पत्रे उतरवले. नवीन पायासाठी जागा मोकळी केली. माझ्या शब्दावर. चार दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली, आणि त्यात लंकाबाईचं नाव नव्हतं.

ती माझ्याकडं आली. “नाना, तुमी तर म्हनला हुता.”

“म्हणालो होतो, आणि आजही म्हणतो. नाव वाचलंय.”

मी तरातरा ग्रामसेवकाकडं गेलो. त्यानं सभेचं इतिवृत्त पुढं केलं. त्यात लिहिलं होतं, सदर लाभार्थी बाहेरगावी असल्याने नाव सभेच्या मंजुरीने वगळून पुढील यादीत घ्यावे. मी ओरडलो, “असा ठराव झालाच नाही! मी होतो सभेला.”

“होता की नाना,” ग्रामसेवक म्हणाला आणि बारीक हसला. त्या हसण्यानं माझी खात्रीच पटली की कुठंतरी पाणी मुरतंय.

सभेचं शूटिंग अलीमनं घेतलं होतं. मी विचारलं, व्हिडिओ दाखवा. ग्रामसेवक म्हणाला, व्हिडिओ खराब निघाला, उघडतच नाही. वा रे वा! दोन तासांच्या सभेचा व्हिडिओ, आणि नेमका हाच खराब? मी लंकाबाईची हरकत लिहून तालुक्याच्या कचेरीत दिली, आठवड्यानं सुनावणी होती. मी लंकाबाईला म्हणालो, “त्या अलीमच्या नरड्यातून काढतो बघ मी.”

आम्ही दोघं दुकानात पोचलो तेव्हा दारात सरपंचाची गाडी उभी होती. पुतणीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आले होते म्हणे. मी लंकाबाईकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. गाडी गेली आणि आम्ही आत शिरलो.

अलीमनं सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं. त्यावर तारीख घातलेली, आत कॅमेऱ्याचं कार्ड. “खराब झाल्यालं कार्ड मी पुसत न्हाई,” तो म्हणाला. “पन दुरुस्त करा म्हनून कुनी आलंच न्हाई. मंग लग्नसराई लागली.”

“खराब झालं कसं?”

“शेवटाला बॅटरी बसली. कॅमेरा सगळं घेत जातो, पन कुठं काय हाय त्याची यादी फाईल बंद करताना शेवटी लिव्हतो. ती लिव्हायच्या आतच ह्यो बंद पडला. माल आत हाय, नाना. दार सापडत न्हाई.”

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला पटलं नाही. बिनतिकिटाचा प्रवासीही असंच पटण्यासारखं बोलतो. मी म्हणालो, “मग दार शोध.”

“बघू,” अलीम म्हणाला.

आणि त्यानं काय करावं? कपाटातून कॅमेरा काढला, तिकाटण्यावर लावला आणि आमच्या दोघांच्या तोंडावर धरला. लाल दिवा लागला. मी ताडकन उठलो. “आमचं शूटिंग कशाला? हे कुणाला दाखवणार तू?”

“बसा हो. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धडकी फाईल लागती. ती बघून प्रोग्राम मोडकी फाईल सांधतो. धा मिनिटं बसा. बोलत ऱ्हावा, आवाज बी पायजे.”

“लग्नाच्या फाईली असतील की ढीगभर.”

“लग्नाचं सेटिंग येगळं. ग्रामसभेला साधं ठिवलं हुतं.”

दहा मिनिटं आम्ही कॅमेऱ्यापुढं बसलो. लंकाबाई पदर सावरून बोलत राहिली. पाऊस यायच्या आत छप्पर पाहिजे, निम्मं सामान पत्र्याखाली आणि निम्मं आभाळाखाली आहे, रात्री कुत्री आत येतात, असं सगळं. मी एक शब्द बोललो नाही. आपलं बोलणं कापून-जोडून कुणी काय करील याचा नेम नाही. मिक्सिंगवाल्याला ते अवघड आहे का?

दोन दिवसांनी फोन केला. अलीम म्हणाला, नुसता आवाज आला, तोही फाटका. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चित्र आलंय, पण सगळं करड्या ठोकळ्यांचं. चौथ्या दिवशी फोन उचललाच नाही. सुनावणीला तीन दिवस राहिले होते. लंकाबाई रोज सकाळी माझ्या ओट्याशी येऊन उभी राहायची आणि काही न विचारता परत जायची. ते मला विचारण्यापेक्षा वाईट वाटायचं.

पाचव्या दिवशी न सांगता मी एकटा दुकानात गेलो. अलीम पाठमोरा बसला होता, आणि पडद्यावर आमच्या गावाची शाळा होती! पताका, सतरंजी, टेबल, सगळं स्वच्छ. मी खाकरलो. त्यानं मागं बघितलं, एक बटण दाबलं आणि पडदा काळा झाला.

“झालं की दुरुस्त,” मी म्हणालो.

“अजून... थोडं ऱ्हायलंय.” तो माझ्याकडं बघत नव्हता. कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला, परत वर केला.

“अलीम, कुणाचं मीठ खाल्लंस? आत काय आहे ते मला कळलं पाहिजे. नाव वाचलंय ना तिचं?”

“वाचलंय.”

“मग लपवतोस काय?”

त्याला राग आलेला दिसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. पण तो आवाज चढवून बोलला नाही. “नाना, उद्या या. एकटेच या. बाईंना आनू नका.”

घ्या! एकटे या. म्हणजे मला बाजूला घेऊन, चहा पाजून, मिटवायचं. सरपंचाचा निरोपच असणार. असे किती पाहिले मी. रात्रभर मला अलीमचं ते चुकवलेलं तोंड दिसत राहिलं. सकाळी मी मुद्दाम लंकाबाईला हाक मारली. “चल गं. आज तुझ्यादेखत सोक्षमोक्ष लावतो.”

आम्हाला दोघांना बघून अलीम दारातच थांबला. “नाना, मी काय म्हनलो हुतो?”

“काय म्हणालास ते लक्षात आहे. म्हणूनच आणलीय. लाव.”

“बघा बरं.”

“लाव म्हणतो ना!”

त्यानं दोन स्टुलं पुढं ओढली आणि व्हिडिओ सुरू केला. आवाज चित्राच्या जरा मागून येत होता, बाकी सगळं स्पष्ट. ग्रामसेवक यादी वाचतोय. आठवं नाव, लंकाबाई कल्याण. मी मांडीवर थाप मारली. “बघ! वाचलं का नाही?” लंकाबाईच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं.

व्हिडिओ पुढं चालू राहिला. रामहरी, सरपंचाचा चुलतभाऊ, उभा राहिला. “ती दोघं कारखान्यावर हाईत. बांधनार कोन? ह्या वेळी ठिवा मागं, पुढच्या यादीत घ्या.” टेबलामागून सरपंचांनी विचारलं, “मंजूर का?” सभा गप्प होती. कुणी हात वर केला नव्हता. एक म्हातारी काहीतरी पुटपुटत होती, मान हलवून नको म्हणत होती. अजून दोघं-तिघं एकमेकांकडं बघत होते.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. “मंजूर, मंजूर! उरका लवकर, जिलेबी गार व्हायला लागली!”

सभा हसली. कॅमेरा आवाजाकडं वळला. तिसऱ्या ओळीत, पांढऱ्या टोपीत, शेजाऱ्याच्या तळहातावरची तंबाखू उचलत, एक हात वर करून बसलेला माणूस मी होतो. माझ्यामागं एकेक करत सगळे हात वर झाले. त्या म्हातारीचाही झाला.

मला आठवत नव्हतं. देवाशप्पथ आठवत नव्हतं. नाव ऐकलं, बरं वाटलं, आणि मी शेजाऱ्याशी गप्पांना लागलो असणार. आमच्याकडं झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेला शेवटी जिलेबी असते, आणि ‘मंजूर’ म्हणायला ऐकावं लागत नाही. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी हात वर करायचे. तो एकजण नेहमी मीच असतो. ‘पुढं सरका’ म्हणून म्हणून कमावलेला आवाज आहे माझा.

अलीमनं व्हिडिओ थांबवला नाही. तो बॅटरी संपेपर्यंत चालला, मग काळा झाला. मला भयंकर शरम वाटली. इतकी, की लंकाबाईकडं बघवेना.

तीच बोलली. “नाना, तुमीच ना त्यो?”

“मीच.”

“आन सांजच्याला मला फोन बी तुमीच केला.”

ती उठून दाराशी गेली, रस्त्याकडं बघत उभी राहिली. अलीम हळू आवाजात म्हणाला, “एकटे या म्हनलो हुतो ते याच्यासाठी.”

आणि मग मी असं काही बोललो, की ते लिहायलाही नको वाटतं. मी म्हणालो, “अलीम, नाव वाचलं तिथपर्यंतच कापून देता येईल का?”

त्यानं चष्मा पुसला. “येतं. पन मी देनार न्हाई. लग्नात कितीबी कापीन. ह्ये न्हाई.” मग त्यानं सगळी फाईल पेनड्राईव्हवर घातली आणि मूळ कार्डाचं पाकीटही माझ्या हातात दिलं. “दोन्ही न्या. नव्या फाईलवर आजची तारीख पडती. कचेरीत म्हनतील काल बनवली. लोकांचा काय भरोसा?” हे तो माझ्याकडं बघून म्हणाला, आणि मला ते मुकाट ऐकून घ्यावं लागलं. कचेरीतल्या कॉम्प्युटरवर चालेल अशी एक वेगळी प्रत त्यानं करून दिली, आणि नेहमीसारखी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघितली. म्हणजे ते सगळं मला पुन्हा ऐकावं लागलं. जिलेबीसकट.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, “हे ओरडतंय कोण?” मी उभा राहिलो. म्हणालो, “मी, साहेब. न ऐकता ओरडलो.” तेच लेखी दिलं, सही केली. साहेबांनी शेरा मारला, अर्जदाराच्या गैरहजेरीत नाव वगळले, विषय एक मेच्या ग्रामसभेत पुन्हा ठेवावा.

एक मेला ऊसतोडीची सगळी माणसं गावात होती, शाळेचं पटांगण भरलं. अलीम दोन बॅटऱ्या घेऊन आला होता. लंकाबाई बायकांत सगळ्यात पुढं बसली होती. तिचं नाव वाचलं. रामहरी खाली बघत बसला. सरपंच म्हणाले, “मंजूर का?”

माझा हात वर जायच्या आधीच अलीमनं कॅमेरा माझ्याकडं वळवला होता. लंकाबाईही मागं वळली. मी हात वर केला. मंजूर म्हणालो, या वेळी ओरडलो नाही. सगळे हात वर झाले, ठराव झाला, ग्रामसेवकानं लिहून घेतलं. तरी ती पुढं वळली नाही. माझा हात खाली येईपर्यंत ती बघत राहिली.

आता तिचा पाया भरून झालाय, भिंती कमरेपर्यंत आल्यात. सिमेंट कधी येणार, पाण्याचा टँकर कुठं थांबलाय, असं काही मी ओट्यावरून सांगितलं की ती हातातलं घमेलं खाली ठेवते आणि विचारते, “नाना, तुमी सोता ऐकलं का?”