काठीनं मारलेलं तडस

आधी कबूल करा, हसायचं नाही. हसणारच म्हणा. आमच्या घरात ही गोष्ट निघाली की तव्यावरची भाकरी करपेपर्यंत हसतात सगळे, आणि करपलेली भाकरी माझ्या ताटात येते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी सोनपेठचा, बापाच्या कापडदुकानात गज घेऊन उभा राहणारा. मानवतच्या कापूसव्यापाऱ्याची मुलगी सांगून आली. तिला मी एकदा जत्रेत ओझरती पाहिली होती आणि तेव्हापासून गिऱ्हाईकानं तीन गज मागितलं की चार गज फाडत होतो. म्हणजे बघा. पण तिचे वडील, अप्पा, शिकारीच्या गोष्टींचे भारी शौकीन. हे आमच्या काकाला कळलं मात्र, त्यानं परस्पर निरोप धाडला की आमच्या पोरानं तडस मारलंय.

"काका, आपल्याकडं बंदूक कुठंय?"

"काठीनं मारलंस."

"मी तडस पाह्यलंबी न्हाई अजून."

"मग पाहून घे की. अप्पा सोमवारी यायलेत. कसं असतंय ते इचारतील."

झालं. अप्पांपुढं ततपप झालं की स्थळ गेलंच! सोमवारी सकाळीच हातात काठी धरून, मोत्या कुत्र्याला घेऊन निघालो. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. त्या गंगेच्या पात्रात एक ओसाड बेट होतं. त्यावर दोन टेकड्या, नुसती झुडपं. तडस असलं तर तिथंच, असं सगळे सांगत. जाताना नावाड्याला विचारलं, "तडस वळखायचं कसं?"

"राखी रंग. अंगावर पट्टे. चालताना लंगडल्यागत करतंय. दिसलं तर पळू नका."

"मग काय करू?"

"ते मला काय म्हाईत? मी नावंत असतो."

पहिल्या टेकडीवर एक मुंगूस दिसलं. ते मला घाबरलं, मी त्याला. दुसऱ्या टेकडीवर बेलाचं झाड होतं. तिथं मोत्या थबकला, कान टवकारले. गवत हललं. गवताच्या वर मला एक वाकलेली पाठ दिसली. राखी. पाठीवर पट्टे. आणि ते लंगडत माझ्याच दिशेनं यायला लागलं!

काठी कुठं गेली ते मला आजतागायत माहीत नाही. मी जवळच्या झाडावर होतो, एवढं आठवतं. झाड बाभळीचं होतं, हे वर पोचल्यावर कळलं. मोत्या मात्र शेपूट हलवत सरळ तडसाकडं गेला. मी डोळे मिटले.

"ये बाळा, केळं खातोस?" खालून आवाज आला.

डोळे उघडले. खाली एक वयस्कर गृहस्थ. नुकतीच अंघोळ झालेली, ओलं धोतर, दंडावर, पाठीवर भस्माचे पट्टे. गुडघा धरलेला, म्हणून लंगडत होते. पूजेसाठी बेलाची पानं वेचायला वाकले होते. अहो, आम्हीही लिंगायत. माझा बाप रोज असाच भस्म लावून पूजेला बसतो. तरी मी ओळखू नये?

त्यांनी वर पाहिलं. "वर काय करायलाव?"

"मध काढायलोय."

"बाभळीवर? पोळं दिसंना कुठं."

"तेच हुडकायलोय."

"उतरा, काटे लागायलेत तुमाला."

"असू द्या. सवय हाय."

ते मान हलवत गेले, मोत्याला आणखी एक केळं देऊन.

दुपारी पाहुणे आले. बैठकीत मांडी घालून बसणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. दारातून आधी मानवतची मंडळी आली, मागून लंगडत अप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. येताना वाटेत गंगेवर अंघोळ-पूजेला थांबलेले सकाळचे गृहस्थ ते हेच!

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. चहा घेतला. मग शांतपणे म्हणाले, "तडस मारलं म्हणं तुमी. कसं असतंय हो?"

आता मी जन्मात एकच तडस पाहिलेलं, आणि ते समोर बसून बशीतून चहा पीत होतं. "राखी असतंय," मी म्हणालो. "पाठीवर पट्टे. गुडघ्यात लंगडतंय." इथं थांबायचं की नाही? पण घाबरलं की माझं तोंड थांबत नाही. "अन् कुत्र्याला केळं चारतंय."

काकाला ठसका लागला. मी मनात त्या मुलीचा निरोप घेतला.

अप्पांनी बशी खाली ठेवली. "सुपारी फोडा," ते म्हणाले.

काकाचा विश्वास बसेना. "पण अप्पा, ते तडसाचं..."

"ते कळलं मला, बाभळीवरचा मधवाला हितं बसलेला दिसला तवाच. थापा मारणारी पोरं मी लय पाह्यली. पर इतकी वाईट थाप मारणारं हे पहिलंच. पोरीची काळजी मिटली माझ्या. ह्याचं खोटं तिच्या म्होरं घटकाभर टिकायचं न्हाई."

लग्नाला कैक वर्षं झाली. घटकाभर टिकलेलं मला एकही आठवत नाही.